आकडेवाल्या लेखकाने आपल्या प्लेयरला खाली टाकलं तर काय करायचं

आकडे लावून प्लेयरची क्रमवारी ठरवणाऱ्या लेखकाची लिस्ट आली की आपण आधी आपल्या प्लेयरचं नाव शोधतो, ते सातव्या नंबरवर दिसलं की डोकं सणकतं आणि पुढची ओळ न वाचताच लिहून मोकळे होतो, "हा बायस्ड आहे", "याने आयुष्यात कधी बॅट धरलीय का", "याला आमच्या माणसाशी प्रॉब्लेमच आहे". क्रिकेट असो, फुटबॉल असो, बेसबॉल असो, सगळीकडचे फॅन हेच करतात. मला याचं वाईट यासाठी वाटतं की अशा भांडणात बऱ्याचदा फॅनच्या म्हणण्यात खरंच दम असतो, पण तो ते अशा भाषेत मांडतो की कुणी ऐकून घेत नाही, आणि लेखकाने जिथे खरी गडबड केलेली असते ती जागा तशीच राहून जाते.

तर राग आल्यावर नेमकं काय करायचं ते सांगतो. उदाहरणं जास्त क्रिकेटची देतोय कारण ती सगळ्यांना माहिती आहेत, पण पद्धत कुठल्याही खेळाला लागू आहे.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. आकडा शक्यतो खोटा नसतो. पण तो आकडा तयार व्हायच्या आधी कुणीतरी बसून काही निर्णय घेतलेले असतात, काय मोजायचं, कुठल्या तारखेपासून मोजायचं, किमान किती इनिंग खेळलेला माणूस धरायचा, तुलना कुणाशी करायची. पक्षपात असेल तर तो तिथे असतो, आणि नसेल तर तेही तिथेच कळतं. त्यामुळे लेखकाच्या मनात काय आहे ते शोधत बसू नका, ते तुम्हाला कधीच सिद्ध करता येणार नाही. त्याचे निर्णय शोधा, ते समोर लिहिलेले असतात.

आता सगळ्यात सोपं आणि भारी उदाहरण घ्या. टेस्टमध्ये सचिनचं ॲव्हरेज ५३.७८. विनोद कांबळीचं ५४.२०. म्हणजे नुसतं ॲव्हरेज लावून लिस्ट केली तर कांबळी वर, सचिन खाली. आता यात लेखक सचिनविरोधी आहे का? अजिबात नाही. कांबळी १७ टेस्ट खेळला, १९९३ ते १९९५ मध्ये, २१ इनिंगमध्ये १०८४ रन. सचिन २०० टेस्ट, १५९२१ रन. तुम्ही किमान २० इनिंगची अट ठेवली तर कांबळी लिस्टमध्ये येतो आणि सचिनच्या डोक्यावर बसतो, तुम्ही किमान २००० रनची अट ठेवली की तो लिस्टमधून गायबच होतो. दोन्ही अटी लोक वापरतात, दोन्हीत काही लबाडी नाही, पण निकाल पूर्ण पालटतो. आणि अट काढूनच टाकली तर काय होतं माहितीय का, वेस्ट इंडिजचा अँडी गँटॉम ब्रॅडमनच्या वर जातो. १९४८ मध्ये इंग्लंडविरुद्ध एकच टेस्ट खेळला, एकच इनिंग, ११२ रन, ॲव्हरेज ११२. ब्रॅडमन ९९.९४. म्हणजे अट असणं हा काही गुन्हा नाही, अट लागतेच. प्रश्न एवढाच विचारायचा की हीच अट का, आणि ती थोडी हलवली तर काय होतं.

म्हणून लेख वाचताना पहिलं काम हे करा, टेबलच्या खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं ते आधी वाचा. "किमान अमुक इनिंग", "अमुक तारखेपासून", "फक्त टॉप सातमधले बॅट्समन". आपण नेमकं तेच सोडून देतो आणि नंबर बघतो. आणि जर अट कुठेच लिहिलेली नसेल तर तिथेच तुमची पहिली रास्त तक्रार तयार झाली, आणि ती अगदी शांतपणे विचारता येते, "कट-ऑफ काय ठेवलाय?"

दुसरं काम तारखांचं. खिडकी कुठे उघडली आणि कुठे बंद केली यावर माणूस देव पण होतो आणि सामान्य पण. कोहलीचं बघा. २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत टेस्टमध्ये सहा डबल सेंच्युऱ्या. आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये बांगलादेशविरुद्ध कोलकात्याला सेंच्युरी झाल्यावर पुढची इंटरनॅशनल सेंच्युरी थेट सप्टेंबर २०२२ मध्ये, एशिया कपला अफगाणिस्तानविरुद्ध. माणूस तोच. आता कुणी "२०२० पासून" म्हणून टेबल लावलं तर कोहलीचे फॅन चिडणार, आणि कुणी "२०१६ ते २०१९" लावलं तर बाकीच्यांचे फॅन चिडणार, आणि दोन्ही टेबलमधला प्रत्येक आकडा खरा असणार. इथे करायचं काय, तर खिडकी स्वतः हलवून बघायची. सहा महिने मागे, सहा महिने पुढे. निष्कर्ष तसाच राहिला तर लेखकाचं म्हणणं भक्कम आहे, गप मान्य करा. निष्कर्ष कोसळला तर तुमच्या हाताला खरा मुद्दा लागला. क्रिकेटमध्ये तर हे कुणालाही करता येतं कारण स्कोअरकार्ड सगळे उपलब्ध आहेत, तारीख टाकून रेकॉर्ड गाळता येतात, अर्ध्या तासाचं काम आहे. शिव्या घालण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

बरं, तारीख निवडायचं योग्य कारण पण असू शकतं हे विसरू नका. नियम बदलला की तारीख बदलणं बरोबरच असतं. वनडेत २०११ पासून दोन्ही टोकांनी वेगळे नवे बॉल आले, जुना बॉल रिव्हर्स होणं जवळपास संपलं, २०१२ मध्ये सर्कलच्या बाहेर चारच फिल्डर ठेवायचा नियम आला. मग त्या आधीचा स्ट्राइक रेट आणि नंतरचा स्ट्राइक रेट एका रांगेत ठेवणं चूक आहे. लेखकाने जर "२०१२ नंतर" अशी खिडकी घेतली असेल आणि कारण नियमबदल दिलं असेल तर तो उलट काळजीपूर्वक काम करतोय. कारण न देता "१७ मार्च पासून" वगैरे तारीख आली की मग डोळे उघडायचे.

आता तिसरी गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा वेळ घेतो. काय मोजलंय?

मायकल बेव्हनचं वनडे ॲव्हरेज ५३.५८. सचिनचं ४४.८३. जवळपास नऊ रनचा फरक, हे बघून कुणी बेव्हनला वर ठेवलं तर आपल्याकडे दंगल होईल. पण जरा आत जाऊ. ॲव्हरेज म्हणजे एकूण रन भागिले किती वेळा आउट झाला. नॉटआउट राहिला तर रन धरले जातात पण भागाकारात ती इनिंग येत नाही. बेव्हन १९६ इनिंग खेळला आणि त्यातल्या ६७ मध्ये नॉटआउट राहिला, म्हणजे ६९१२ रन भागिले फक्त १२९. सचिन ४५२ इनिंग, नॉटआउट ४१. आता दर इनिंगला किती रन ते काढा, बेव्हन ३५ च्या आसपास, सचिन जवळपास ४१. चित्र उलटं झालं! स्ट्राइक रेट पण बेव्हन ७४ आणि सचिन ८६.

इथपर्यंत आलात की सचिनचा फॅन म्हणून तुम्हाला जोर येणार, पण थांबा, कारण बेव्हनचा फॅन पण बसलाय समोर आणि त्याचं पण ऐकायला पाहिजे. बेव्हन पाच-सहा नंबरला यायचा, त्याला बॉलच कमी मिळायचे, दर इनिंगला रन कमी असणारच. त्याचं कामच शेवटपर्यंत उभं राहून मॅच संपवायचं होतं, नॉटआउट हे त्या कामाचंच फळ आहे. म्हणजे ॲव्हरेज बेव्हनच्या बाजूला झुकतं आणि रन पर इनिंग ओपनरच्या बाजूला झुकतं. यात कुणाचाच हेतू वाईट नाही, मोजमापालाच एक उतार असतो. तर तुमचं काम हे शोधणं की लेखकाने निवडलेल्या मोजमापाचा उतार कुठल्या टाइपच्या प्लेयरकडे आहे, आणि आपला प्लेयर त्या टाइपचा आहे का. नव्वद टक्के "बायस" इथे सापडतो असं माझं मत आहे, आणि तो माणसाविरुद्धचा बायस नसतोच, रोलविरुद्धचा असतो. फिनिशर, नवा बॉल टाकणारा, डेथ ओव्हर टाकणारा, फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, अशा लोकांवर हा अन्याय कायम होतो. तुम्ही जर लेखकाला म्हणालात "तुमच्या पद्धतीत डेथ बॉलरची इकॉनॉमी पॉवरप्ले बॉलरशेजारी ठेवलीय" तर त्याला उत्तर द्यावंच लागेल. "तू आमच्या बॉलरचा द्वेष करतोस" म्हणालात तर तो पुढच्या कामाला लागेल.

यातलाच एक आकडा आहे ज्याच्यावर माझा वैयक्तिक राग आहे, तो म्हणजे "जिंकलेल्या मॅचमधल्या सेंच्युऱ्या". हा आकडा लेखक पण वापरतात आणि फॅन पण एकमेकांच्या अंगावर फेकतात. जानेवारी १९९९, चेन्नई, पाकिस्तानविरुद्ध टेस्ट, टार्गेट २७१. सचिन पाठदुखी घेऊन १३६ करतो, तो आउट झाला तेव्हा स्कोअर २५४ ला ७, जिंकायला १७ पाहिजेत. उरलेल्या तीन विकेट चार रनमध्ये जातात, टीम २५८ वर ऑलआउट, १२ रनने हार. डिसेंबर २००८, तेच चेन्नई, इंग्लंडविरुद्ध, टार्गेट ३८७. सेहवाग आदल्या दिवशी ६८ बॉलमध्ये ८३ मारून पाया घालून देतो, सचिन नॉटआउट १०३, समोर युवराज नॉटआउट ८५, सहा विकेटने जिंकलो. त्या आकड्यात २००८ ची सेंच्युरी "मॅच विनिंग" आणि १९९९ ची शून्य किमतीची. दोन्ही इनिंग बघितलेल्या माणसाला विचारा कुठली मोठी होती. फरक काय होता तर समोरच्या टोकाला कोण उभं होतं. शारजाचं पण तेच, २२ एप्रिल १९९८ ची १४३ ची इनिंग, वाळूच्या वादळानंतरची, ती हरलेल्या मॅचमधली आहे! त्या इनिंगमुळे आपण फायनलला गेलो, पण मॅच ऑस्ट्रेलियाने जिंकली म्हणून आकड्यात ती हरलेल्या खात्यात. टीमचा निकाल एका माणसाच्या खात्यावर टाकणारा कुठलाही आकडा दिसला की तिथे बोट ठेवा. बेसबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या, नावावर विजय-पराभव लिहितात, तिथे पण हाच लोचा होता, २०१० ला फेलिक्स हर्नांडेझ १३ जिंकला आणि १२ हरला, तरी मतं देणाऱ्यांनी त्याला साय यंग, म्हणजे बेस्ट पिचरचं अवॉर्ड दिलं कारण तोपर्यंत लोकांना पटलं होतं की त्याची टीम रनच करत नव्हती. आणि हे पटवून देण्यात मोठा वाटा कुणाचा, तर आकडेवाल्या लेखकांचाच. म्हणजे ही जमात कायम आपल्या विरुद्ध असते असं नाही, कधी कधी तेच आपल्या माणसाला न्याय मिळवून देतात.

आता उलट बाजू. काही वेळा आपला डोळाच चुकतो आणि आकडा बरोबर असतो, आणि हे मान्य करायला लय जड जातं. न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल टीमचा डेरेक जीटर घ्या, फिल्डिंगसाठी पाच गोल्ड ग्लव्ह अवॉर्ड, हवेत उडी मारून फेकलेला थ्रो सगळ्यांच्या डोळ्यात बसलेला. आकडेवाले म्हणत राहिले की याची फिल्डिंग कमजोर आहे, आणि फॅन खवळत राहिले. भानगड अशी होती की जुन्या पद्धतीत चूक तेव्हाच मोजतात जेव्हा फिल्डर बॉलपर्यंत पोचतो. पोचलाच नाही तर चूक नाही, तो समोरच्याचा हिट. नवीन आकड्यांनी हे मोजायला घेतलं की किती बॉलपर्यंत पोचला, आणि तिथे जीटर मागे पडत होता. जे घडलंच नाही ते डोळ्याला दिसत नाही, साधी गोष्ट आहे. क्रिकेटमध्ये पण स्लिपला कॅच सुटला की तो सगळ्यांना दिसतो, पण ज्याने हातच लावला नाही तो सुटतो, त्याच्या नावावर ड्रॉप पण लागत नाही. तर आकडा आपल्या डोळ्याच्या विरुद्ध गेला की आधी विचारायचं, यात असं काही मोजलंय का जे मी मॅच बघताना बघूच शकत नाही?

आणि डोळ्यावर किती विश्वास ठेवायचा याची एक जुनी गोष्ट सांगायलाच पाहिजे. १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्सटन या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, त्यांचं फुटबॉल, अंगावर जाऊन खेळायचं. मॅच फार रफ झाली, प्रिन्सटनचा स्टार डिक काझमायरचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजच्या पोरांना त्याच मॅचची तीच फिल्म दाखवली आणि नियम मोडलेले मोजायला सांगितले. डार्टमथच्या टीमने केलेले फाउल प्रिन्सटनच्या पोरांना डार्टमथच्या पोरांपेक्षा दुपटीहून जास्त दिसले. फिल्म तीच! हे १९५४ ला छापून आलं. पुढे १९८५ ला व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असंच काहीसं बातम्यांबद्दल दाखवलं, १९८२ च्या बैरूत हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्यांना इस्रायलविरोधी वाटल्या आणि अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. म्हणजे दोन्ही बाजूंचे फॅन एकाच लेखकाला "तू त्यांचा माणूस" म्हणत असतील तर त्यात नवल काही नाही. यावरून लेखक निर्दोष ठरतो असं मी म्हणत नाहीये, दोन्हीकडून शिव्या खाणारा माणूस पण चुकीचा असू शकतो. मी एवढंच म्हणतोय की "मला बायस्ड वाटलं" हा पुरावा होत नाही, तिथून तपास सुरू करायचा असतो.

त्यासाठी एक युक्ती आहे, ती खरंच करून बघा, नुसती वाचून सोडू नका. लेखातली नावं झाका. प्लेयर अ, प्लेयर ब. आकडे तेच ठेवा, वाक्यं तीच ठेवा. आता वाचा. वाक्य टोचायचं थांबलं तर टोचत नाव होतं. अजून टोचतंय, म्हणजे "प्लेयर अ चे ४८ आणि प्लेयर ब चे ४७, पण अ ला फक्त सोप्या पिचवर रन मिळाले" असलं काही वाचून अजून खटकतंय, आणि ब च्या पिचबद्दल एक शब्द नाहीये, तर मग तुम्हाला खरा पक्षपात सापडला. कारण तिथे एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा लावलाय. हे मी सगळ्यात भरवशाचं लक्षण मानतो. कमी नंबर दिला हा बायस नाही, कडक टीका केली हा पण बायस नाही, वेगवेगळ्या माणसाला वेगवेगळी पट्टी लावली हा बायस. आपल्या माणसाच्या वेळी घर-बाहेर वेगळं करून दाखवलं आणि दुसऱ्याच्या वेळी एकत्र धरलं, याच्या वेळी नॉटआउट काढले आणि त्याच्या वेळी ठेवले, गेल्या वर्षी ॲव्हरेज सर्वात महत्त्वाचं होतं आणि यंदा अचानक स्ट्राइक रेट. असं दोन-तीनदा दिसलं की तारखेसकट लिहून ठेवा. एका लेखावरून कुणाला पक्षपाती म्हणू नका. त्याचे मागचे आठ-दहा लेख काढा, आपल्याला आवडले होते ते पण काढा, कारण आपल्याला टोचलेलेच लक्षात राहतात आणि आपल्या माणसाचं कौतुक केलेलं सोयीस्कर विसरतो.

अंदाज सांगणाऱ्यांचं वेगळं आहे, त्यांच्यावर राग काढायची पद्धतच चुकते सगळ्यांची. "आमच्या टीमला ३५ टक्केच चान्स दिला आणि आम्ही जिंकलो, आता बोल!" अरे पण ३५ टक्के म्हणजे तीनातून एकदा होणारच की ते. २०१४ फुटबॉल वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला नेट सिल्व्हरच्या फाइव्हथर्टीएट या आकड्यांवरून अंदाज सांगणाऱ्या वेबसाइटने ब्राझीलला ६५ टक्के दिले होते, जर्मनीने ७-१ ने तुडवलं. नुसतं ब्राझील हरलं एवढ्यावरून मॉडेल चुकलं म्हणता येत नाही. पण नेमार जखमी आणि थियागो सिल्व्हा सस्पेंड असताना ब्राझीलची ताकद किती धरली हा प्रश्न विचारता येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. २०२२ ला मेलबर्नला पाकिस्तानविरुद्ध ८ बॉलमध्ये २८ हवे होते, तेव्हा कुणी भारताला अगदी कमी चान्स दिला असेल तर तो देशद्रोही नव्हता, त्या जागेवरून टीम शक्यतो हरतेच. कोहलीने हारिस रौफला लागोपाठ दोन सिक्स मारले म्हणून ती मॅच आपण अजून आठवतो. अंदाजवाल्याला तपासायचं तर एका मॅचवर नाही, पूर्ण सीझनवर. त्याने जिथे जिथे ६०-७० टक्के दिले त्या सगळ्या मॅच एकत्र करा, त्यातल्या साधारण तेवढ्या खऱ्या झाल्या का बघा. आणि मग फक्त तुमच्या टीमच्या मॅच वेगळ्या काढा. बाकी सगळीकडे बरोबर आणि तुमच्याच टीमला दर वेळी कमी, असं निघालं तर ते ठणकावून सांगा, ती मोठी गोष्ट आहे. आकडे फार थोडे असतील, म्हणजे पाच-सहा मॅच, तर त्यावरून काहीच म्हणू नका.

"खेळला नाही त्याला काय कळतं" हे तर सोडाच आता. डकवर्थ आणि लुईस दोघं आकडेशास्त्रवाले, आणि १९९७ पासून पावसाच्या मॅचचा निकाल त्यांच्याच पद्धतीवर लागायला लागला. बिल जेम्सने १९७७ ला बेसबॉलचे आकडे स्वतःच छापायला सुरुवात केली तेव्हा तो खाण्याच्या वस्तू डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता, पुढे बॉस्टन रेड सॉक्स या टीमने त्यालाच सल्ल्यासाठी घेतलं आणि २००४ ला त्यांनी ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची फायनल, जिंकली. "खेळला नाही" हा मुद्दा काढला की समोरच्याला कळतं तुमच्याकडे दुसरं काही नाहीये.

आता प्रत्यक्ष लिहायचं कसं. एकच मुद्दा घ्या. तुमच्याकडे सहा असतील, त्यातला सगळ्यात घट्ट एकच घ्या, बाकी पाच ठेवून द्या, कारण सहा लिहिले की समोरचा सगळ्यात कच्चा जो असेल त्यालाच उत्तर देतो आणि विषय संपवतो. आकडा द्या, तो कुठून कसा काढला ते द्या, म्हणजे त्याला दोन मिनिटात तपासता आला पाहिजे. लेखात जे बरोबर आहे ते एका ओळीत मान्य करा, खोटं खोटं नाही, खरंच बरोबर असेल ते. काहीतरी असं:

"नमस्कार. तुमचा लेख पूर्ण वाचला, परदेशातल्या रनांचा भाग पटला. एक शंका आहे. मॅच विनर ठरवताना तुम्ही जिंकलेल्या मॅचमधल्याच सेंच्युऱ्या धरल्यात. त्यामुळे चेन्नई १९९९ ची १३६ बाहेर राहते, जिथे सातवी विकेट २५४ वर पडली आणि उरलेले तिघं ४ रनमध्ये गेले. हाच हिशोब चौथ्या इनिंगमधल्या सगळ्या सेंच्युऱ्या धरून केला तर क्रम बदलतो का? बदलत असेल तर लेखात तसं लिहिलं पाहिजे असं मला वाटतं."

एवढंच. यात शिवी नाही, पण हे शिवीपेक्षा जास्त लागतं, कारण प्रामाणिक लेखक असेल तर त्याला हे टाळता येत नाही. आणि त्याने उत्तर दिलं, टेबल बदललं किंवा एक ओळ वाढवली, तर ज्या आवाजात तक्रार केली होती त्याच आवाजात सांगा की याने दुरुस्त केलं. हे फार कमी लोक करतात. आणि त्याच्या घरच्यांवर, जातीवर, गावावर, बाईने लिहिलं असेल तर ती बाई आहे यावर जाणारे आपल्याच बाजूचे असतील तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा, तुमचा बरोबर मुद्दा पण त्यांच्याबरोबर कचऱ्यात जातो.

अजून एक, प्रेमाला आकड्याचे कपडे घालू नका. द्रविडचा ऑफसाइडला सोडलेला बॉल बघताना जे वाटायचं ते १३२८८ रनमध्ये मावत नाही आणि मावायची गरज पण नाही. "मला हा सगळ्यात जास्त आवडतो" हे पूर्ण वाक्य आहे, ते कुणी खोडू शकत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण आवडतो म्हणून बेस्ट म्हणतो आणि मग बेस्ट सिद्ध करायला मिळेल तो आकडा उचलतो, आणि तेव्हा आपण नेमकं तेच करत असतो ज्याचा आरोप लेखकावर करतो. २०१२ ला अमेरिकेत बेसबॉलमधलं सीझनच्या बेस्ट प्लेयरचं अवॉर्ड मिगेल कॅब्रेराला की माइक ट्राउटला यावर असंच रान पेटलं होतं, कॅब्रेराने १९६७ नंतरचा पहिला ट्रिपल क्राउन (बॅटिंग ॲव्हरेज, होमरन आणि आपल्या बॅटिंगवर टीमला मिळवून दिलेले रन, तिन्हीत लीगमध्ये पहिला) मिळवला होता, ट्राउट फिल्डिंग आणि रनिंग धरून काढलेल्या एकूण आकड्यात पुढे होता, अवॉर्ड कॅब्रेराला गेलं. मला स्वतःला ट्राउटचं पारडं जड वाटतं, पण कॅब्रेराच्या फॅनने "४५ वर्षांनी झालेली गोष्ट आहे, मला तीच मोठी वाटते" म्हटलं तर त्यात चूक काय? त्याने निकष सांगितला, विषय स्पष्ट झाला. लेखक विकला गेलाय म्हणायची गरजच नाही.

शेवटचं काम जरा अवघड आहे. जो लेखक आपल्या प्लेयरला एक नंबरला ठेवतो त्याच्यावर पण हे सगळं लावायचं. कट-ऑफ काय, तारखा कुठल्या, नॉटआउट धरले का, नावं झाकून पटतं का. त्याचा लेख पुढे पाठवायच्या आधी हे तपासा, आणि पाठवताना वर एक ओळ लिहा की अट कुठली आहे. पुढच्या वेळी तुम्ही विरोधातल्या लेखावर बोट ठेवाल तेव्हा समोरच्याला तुमच्या हातातली पट्टी आधीपासून माहिती असेल.